‘बाबा, पुढच्या रविवारी तुम्ही नाही आलात तरी चालेल’

वाचकाचं पत्र:

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, दोन वर्षांपासून फुटबॉल खेळतो. या मोसमात टीमला नवे कोच आले. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा पालकांकडून एका कागदावर सह्या घेतल्या. मॅच चालू असताना साइडलाइनवरून सूचना द्यायच्या नाहीत. रेफरीला काही बोलायचं नाही. मॅचनंतर चोवीस तास कोचशी मॅचबद्दल बोलायचं नाही. मुलाची बॅग मुलानंच उचलायची. पंधरा मिनिटं आधी यायचं, येणार नसेल तर आदल्या संध्याकाळी कळवायचं. कुणाला किती वेळ खेळवलं याचा हिशेब विचारायचा नाही. आणि सरावाच्या वेळी पालकांनी मैदानाजवळ थांबायचं नाही. मी स्वतः कॉलेजच्या टीममधून खेळलोय, मला खेळ कळतो. फी आम्ही भरायची, रविवार आम्ही घालवायचे आणि वर तोंडाला कुलूप? गेल्या रविवारी मी फक्त ‘मार, मार’ एवढंच ओरडलो, तर कोचनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. घरी येताना मुलगा म्हणाला, ‘बाबा, पुढच्या रविवारी तुम्ही नाही आलात तरी चालेल.’ या माणसानं माझ्या मुलाच्या मनात काय भरवलंय? टीम बदलावी का?

– एक बाबा

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात कोचवरचा राग दिसला. दुसऱ्या वेळी शेवटून तिसऱ्या वाक्यापाशी अडकले, आणि खरं सांगायचं तर अजून तिथेच आहे. ते वाक्य तुम्ही कोचच्या खात्यावर मांडून मोकळे झालात. मला नाही वाटत ते त्यांचं आहे. कुणी भरवलेलं मूल ‘तुम्ही येऊ नका’ म्हणतं. ‘नाही आलात तरी चालेल’ हे बापाला वाईट वाटू नये म्हणून जपून उच्चारलेलं वाक्य आहे. दहा वर्षांच्या मुलानं ते गाडीत बसून मनातल्या मनात दोन-तीनदा जुळवलं असणार.

मी उंटावरून शेळ्या हाकत नाहीये. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना मी तुमच्याहून वाईट होते. तुम्ही निदान जागेवर उभे राहून ओरडता. मी रेषेला धरून तिच्याबरोबर धावायचे. एकदा तिच्या टीममधल्या एका मुलाच्या काकांनी मॅचचा व्हिडिओ काढला, पुतण्याच्या गोलसाठी. घरी सगळ्यांनी मिळून तो पाहिला. गोल कसा झाला ते आता आठवत नाही. आठवतो तो त्यातला एका बाईचा सलग आवाज, ‘मागे ये! अगं मागे! मागे!’ ही कोण किंचाळतेय असं मी विचारणार, तेवढ्यात कळलं. पण माझ्या आवाजाहून वाईट काहीतरी त्या व्हिडिओत होतं. चेंडू माझ्या मुलीकडे येतोय, अजून दहा पावलं लांब आहे, आणि तिची हनुवटी आधी रेषेकडे वळते. माझ्याकडे. मग चेंडूकडे. तेवढ्यात समोरची मुलगी चेंडू घेऊन गेलेली असते. मी तो तुकडा चार वेळा मागे घेऊन पाहिला. चारही वेळा हनुवटी आधी माझ्याकडेच.

पुढे सहा वर्षं मी बारा वर्षांखालच्या मुलांना शिकवलं, म्हणजे ती रेषा मी आतूनही पाहिली आणि बाहेरूनही. तुमच्या कोचचा कागद मला ओळखीचा वाटतो. आमच्याकडेही असा एक कागद होता, आणि त्यावरही पालक चिडायचे.

‘मला खेळ कळतो’ असं तुम्ही लिहिलंय. मान्य. अडचण तीच आहे. ज्याला खेळ कळत नाही तो पालक नुसता गोंगाट करतो, आणि मुलं गोंगाट कानाआड करायला पटकन शिकतात. तुम्ही मात्र बरोबर सांगता. ‘मार’ म्हणता तेव्हा खरंच मारायची वेळ असते. म्हणून मुलगा ऐकतो, आणि ऐकतो म्हणून स्वतः बघायचं सोडून देतो. परीक्षेत मागच्या बाकावरून कुणी बरोबर उत्तरं सांगत राहिलं तर मार्क मिळतील, गणित येणार नाही. फुटबॉलमध्ये पाय नंतर येतात. चेंडू यायच्या आधीच मान वळवून पाहायचं असतं: आपला कोण मोकळा आहे, त्यांचा कोण धावून येतोय, जागा कुठे आहे. एवढं पाहून एक काहीतरी ठरवायचं, तेही सेकंदभरात. ते ठरवणं चुकलं तरी त्याचं त्यालाच करू द्यावं, कारण या वयात सरावातून शिकायचं असतं ते नेमकं हेच.

एक सोपा हिशेब करून बघा. सात-सातची मॅच, पन्नास मिनिटांची, मैदानात चौदा मुलं आणि चेंडू एक. चेंडू एकदाही बाहेर गेला नाही असं धरलं तरी एकेकाच्या वाट्याला साडेतीन मिनिटं येतात. उरलेली सेहेचाळीस मिनिटं तुमचा मुलगा चेंडूशिवाय खेळत असतो. आपलं लक्ष साडेतीन मिनिटांवर, कोचचं सेहेचाळीस मिनिटांवर. कोच हाताची घडी घालून गप्प उभे दिसतात तेव्हा त्यांचं लक्ष नाही असं समजू नका.

शिवाय त्या आठवड्यात सरावात काय चाललं होतं हे तुम्हाला माहीत नसतं. गोलसमोर घाईनं मारायचं नाही, आधी बाजूच्याला बघायचं, हेच कदाचित आठवडाभर घोटून घेतलं असेल. आणि रविवारी रेषेवरून बाबा म्हणतात ‘मार’. आता मुलानं कुणाचं ऐकायचं? कोच आठवड्यातून दोनदा भेटतात, बाबा रोज घरी असतात. तो मारतो. चेंडू बाहेर जातो. हाफटाइमला कोच विचारतात, ‘डावीकडे कोण होतं, पाहिलंस का?’ त्यावर तो काय सांगणार? बाबा म्हणाले म्हणून मारला, हे काही तो टीमसमोर म्हणणार नाही.

म्हणजे मॅचभर तोंड शिवून बसायचं का? तसं नाही. आमच्या टीमच्या पालकांना मी व्याकरणाचा एक नियम सांगायचे: आज्ञार्थी क्रियापद ओरडायचं नाही. मार, पळ, दे, सोड, अडव, मागे ये, सगळी बाद. ‘शाब्बास’ चालेल, टाळ्या चालतील, ‘वा, काय पास होता!’ चालेल, कारण ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असतं. समोरच्या टीमच्या पोरानं चांगला गोल केला तर त्यालाही टाळ्या. पहिल्या रविवारी जीभ शंभरदा चावावी लागते. तिसऱ्या रविवारी तुमच्या लक्षात येईल की तुम्हाला मॅच जास्त दिसायला लागली आहे.

यात तुमच्या कोचचं काही खूळ नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं 2019 मध्ये लहान मुलांच्या मॅचेससाठी एक अख्खा शनिवार-रविवार शांततेचा ठेवला होता. रेषेबाहेर टाळ्यांपलीकडे काही नाही, मैदानात बोलायचं ते मुलांनीच. नॉर्वे तर आणखी पुढे आहे. तिथे मूल अकरा वर्षांचं होण्याआधी स्पर्धांचे निकाल आणि गुणतक्ते लावतच नाहीत. एवढ्या छोट्या देशातून जगभर गाजणारे खेळाडू निघतात, तेव्हा गुणतक्त्यावाचून मुलांचं काही अडलं असं म्हणता येणार नाही.

आता एक आवाज असा, जो शिष्टाचार म्हणून नव्हे तर वेगळ्या कारणानं बंद झाला पाहिजे. उंच चेंडू आला की रेषेवरून कुणीतरी ओरडतंच, ‘हेड मार!’ अमेरिकेच्या फुटबॉल महासंघानं 2015 मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, बंद करायचं ठरवलं. 2020 मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हेडिंग न देण्याचं ठरवलं. कारण मेंदूची काळजी. आपण मोठे झालो तेव्हा हे कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे आपल्या तोंडातून ते सहज निघतं. तुमचा मुलगा दहाचा आहे, म्हणून आवर्जून लिहितेय.

रेफरीबद्दल थोडक्यात. लहान मुलांच्या मॅचला शिट्टी बऱ्याचदा सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात असते, तोही शिकतच असतो. त्याच्यावर आवाज चढवणाऱ्यांपैकी निम्म्यांना नियम माहीत नसतो. थ्रो-इनवरून आलेल्या चेंडूवर ‘ऑफसाइड! ऑफसाइड!’ म्हणून छाती फोडणारे बाप मी दर मोसमात पाहिले. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिक, या तिन्हींवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतोच. चेंडू हाताला लागला की प्रत्येक वेळी फाऊल होतो असंही नाही. आणि रेफरी खरंच चुकला तरी खेळातल्या घटनांवरचा त्याचा निर्णय अंतिम असतो. नियमच तसा आहे. ओरडून तो बदलत नाही, फक्त पुढच्या मोसमात त्या पोराची शिट्टी बंद होते.

चोवीस तासांचा नियम तुम्हाला सगळ्यात जास्त झोंबलेला दिसतो. तो मी स्वतः लावला होता, म्हणून त्यामागचं सांगते. मॅच संपते तेव्हा कोचच्या अंगावर बारा मुलं असतात. एकाची नडगी सोलली आहे, एक रडतोय, एकाची बाटली हरवली आहे. त्या वेळी पालक येऊन म्हणतो, ‘दोन मिनिटं बोलायचं होतं.’ ती दोन मिनिटं कधीच दोन मिनिटं नसतात, आणि त्यात बोललेलं मूल शेजारी उभं राहून ऐकत असतं. दुसऱ्या दिवशी त्याच पालकाचा फोन आला की सूर वेगळा असायचा. निम्म्या वेळा फोन यायचाच नाही.

पण हा नियम दोन्ही बाजूंना बंधनकारक आहे, म्हणून एक गोष्ट तुमच्या बाजूनं. ओठांवर बोट ठेवणं चूक होतं. मोठ्या माणसाला चारचौघांत, त्याच्या मुलासमोर असं गप्प करू नये. कोचनी नंतर बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. चोवीस तास केव्हाच उलटलेत. फोन करा आणि एवढंच म्हणा, ‘मी ओरडायला नको होतं. पण तुम्हीही मला तसं सगळ्यांसमोर दाखवायला नको होतं.’ या क्रमानं. उलट क्रमानं सुरुवात केलीत तर दुसरं वाक्य बोलायची वेळ येणार नाही.

खेळवण्याच्या वेळेबद्दल ‘हिशेब विचारायचा नाही’ असं कोचनी लिहिलंय ते थोडं उर्मट आहे, पण त्यांना काय टाळायचंय ते मला ठाऊक आहे. ‘अमक्याला पूर्ण मॅच आणि माझ्याला वीसच मिनिटं का?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोलावं लागतं, आणि शहाणा कोच ते करत नाही. ‘त्यानं कशावर मेहनत घ्यावी?’ असं विचारा, कुठलाही कोच आनंदानं अर्धा तास बोलेल. त्याहून चांगलं म्हणजे मुलालाच विचारू द्या. ‘सर, मला बॅकला जास्त खेळायचंय, काय करू?’ हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाला जमतं. पहिल्या वेळी तो बुटाकडे बघून बोलेल. हरकत नाही. तरीही महिनेच्या महिने तो बेंचवरच बसत असेल, तर हिशेब विचारायचा तुमचा हक्क कुठल्याही सहीनं जात नाही. या वयात प्रत्येक मूल खेळलंच पाहिजे.

बॅग, वेळ, आधी कळवणं, यावर मी फार लिहीत नाही, ती साधी सोयीची कलमं आहेत. फक्त पंधरा मिनिटं आधी येणं हा शिस्तीचा दिखावा नाही, एवढं ध्यानात ठेवा. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी फिफाचा ‘इलेव्हन प्लस किड्स’ नावाचा वॉर्म-अप आहे: एका पायावर तोल सांभाळणं, उड्या, पडायचं कसं ते शिकणं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. युरोपातल्या चार देशांत मिळून त्याचा अभ्यास झाला, 2018 मध्ये निकाल छापून आला. तो नेमानं करणाऱ्या टीमांमध्ये दुखापतींचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. उशिरा येणारं मूल नेमका तोच भाग चुकवतं. आणि बॅग त्यानं भरली, त्यानंच उचलली की शिन गार्ड (नडगीवर बांधायची ढाल) घरी राहिले तर ते कुणामुळे, यावर वाद उरत नाही. शिन गार्डशिवाय खेळता येत नाही. कानात किंवा बोटात काही असेल तर तेही काढावं लागतं, वरून चिकटपट्टी लावून चालत नाही.

कागदावर नसलेली एक अपेक्षा मात्र सगळ्यात मोठी आहे, आणि ती तुमच्या कोचनी लिहिलेली नाही याचं मला आश्चर्य वाटतं. दुखणं लपवू नका. साधारण आठ ते चौदा या वयात टाच दुखते म्हणून पोरं लंगडत येतात. टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग अजून कोवळा असतो, धावून-उड्या मारून तो दुखावतो. बरं होतं, पण भार कमी करावा लागतो आणि त्यासाठी कोचला कळावं लागतं. ‘काही नाही हो, जरा नाटकं करतोय’ म्हणत गोळी देऊन मैदानात सोडणारे पालक मी पाहिलेत. त्याहून गंभीर म्हणजे डोक्याचा मार. मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी मूल त्या दिवशी परत मैदानात उतरत नाही, मग फायनल असो नाहीतर काहीही. डॉक्टरांनी पाहून परवानगी दिल्याशिवाय नंतरही नाही. शनिवारी शाळेत डोकं आपटलं असेल तर रविवारी कोचला सांगायचं. मुलगा ‘सांगू नका ना’ म्हणेल. सांगायचंच.

आणि आता ते कलम, जे वाचून मी पेन खाली ठेवलं: सरावाच्या वेळी पालकांनी मैदानाजवळ थांबायचं नाही. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूला आहे. रेषेला चिकटून उभं राहू नका, ठीक. मुलांना हाका मारू नका, ठीक. पण लहान मुलांचा सराव लांबून बघता यायला हवा, ज्या पालकाला बसायचंय त्याला बसता यायला हवं. कोचचे मेसेज मुलाला एकट्याला नव्हे, पालकांना किंवा सगळ्यांच्या ग्रुपवर यायला हवेत. कुणा एका मुलाला एकट्यानं गाडीत घालून न्यायचं नाही. हे तुमच्या कोचवर संशय घेण्यासाठी नाही. बहुधा त्यांना एखाद्या मोसमात सरावात लुडबुड करणाऱ्या आई-बापांनी वैताग दिला असेल. पण या मुद्द्यावर तुम्ही सही मागे घेऊ शकता, आणि चांगला कोच ते ऐकेल. ऐकलं नाही, तर मात्र टीम बदलायचा विचार जरूर करा. तसाच मुलांना लाजवणारा, टोमणे मारणारा, दुखापत असताना खेळवणारा कोच असेल तरी. तुमच्या पत्रात त्यातलं काही दिसत नाही. एका बोटासाठी टीम बदलू नका. आणि बदलायचीच झाली तर पत्र लिहून मला नाही, आधी मुलाला विचारा. एवढ्या मोठ्या पत्रात त्याला तिथे खेळायला आवडतं की नाही याचा एक शब्द नाही.

राहिला गाडीतला प्रवास. माझी मुलगी आता मोठी आहे. लहानपणीच्या मॅचमधलं काय आठवतं असं मी तिला मध्ये विचारलं. ‘गाडीचं दार,’ ती म्हणाली. म्हणजे? ‘दार लागलं की तू सुरू व्हायचीस.’ माझ्या मते मी तेव्हा तिला समजावून सांगत होते. तुम्हीही समजावूनच सांगत असणार. येत्या रविवारी दार लागल्यावर मॅचबद्दल पहिलं वाक्य त्याचं असू द्या. ते घरापर्यंत आलंच नाही तरी चालेल.

आणि शनिवारी रात्री, तो बॅग भरत असेल तेव्हा, त्याला विचारा, ‘उद्या मी कुठे उभा राहू?’ का विचारताय ते सांगत बसू नका. पलीकडच्या कॉर्नरपाशी म्हणाला तर तिथे उभे राहा. घरीच थांबा म्हणाला तर थांबा, तोंड पाडू नका, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा विचारा.